महादेवीचे पाय माझ्या मांडीवर

माझं गाव दुधनीकडलं, कर्नाटकाला एवढं खेटून की आमची म्हैस सकाळी मराठी गवत खायची आन् सांजच्याला कन्नडमध्ये हंबरायची. पोटासाठी सोलापुरात आलो ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरीच्या मागावर. नाव शिवलिंगप्पा. बायको महादेवी, ती बी त्याच शेडमध्ये, कांड्या भरायला, म्हंजे मागासाठी सूत गुंडाळायला. म्हंजे घरात बी तीच, कामावर बी तीच, माणूस जाईल कुटं?

मागाचा आवाज काय सांगू तुमाला ताई, शेजारी तोफ उडाली तर आमी म्हणणार, कोण शिंकलं रं. त्यामुळं आमी हातानं बोलतो. दोन बोटं ओठाला म्हंजे चहा, मिशीवरनं बोट फिरवलं म्हंजे मालक आला, आता मालकाला मिशी न्हाय ही गोष्ट येगळी. महादेवी तर लांबनं नुसत्या भुवईनं मला शिव्या घालती, आन् त्या मला पुऱ्या कळत्यात.

गेल्या उन्हाळ्यात पाली भिंतीवरनं पाय भाजून खाली पडायल्या होत्या, खोटं वाटलं तर पालीला इचारा. महादेवीचा सोमवार, पोटात चहा बी न्हाय. दुपारी मी वळून बगतो तर तिची भुवई दिसंना. भुवई न्हाय, महादेवी बी न्हाय. भुईवर पडली होती, तोंड कापसावानी पांढरं. पडल्याचा आवाज कुणाला येणार?

सगळे धावले. आन् आपली रीत तुमाला म्हाईत हाय, माणूस पडला की आदी उचलून बसवायचं. दोघींनी तिला स्टुलावर बसवलं, मान इकडं गेली की इकडनं धरायची, तिकडं गेली की तिकडनं. एकानं कांदा फोडून नाकाला लावला, दुसरा चप्पल घिऊन आला हुंगवायला, तिसऱ्यानं तांब्या तोंडाला लावला, आन् अख्खं सोलापूर वारं अडवून भवती उभं. जेवढं बसवावं तेवढी ती लोळायली. वाटलं, गेली ही.

तितं नरसम्मा घुसली. आमच्याच शेडमधली, चादरीच्या घड्या घालती. एकदा कारखान्यात नर्सबाई असल्या गोष्टी शिकवायला आलती, तवा आमी मागं बसून समोसे खाल्ले, हिनं समोसे बी खाल्ले आन् ऐकलं बी. तिनं तांब्या हिसकला. तळहात भुईकडं केला: आडवी करा. दोन्ही हात फाकवले: सरका. तांब्याकडं बोट, आन् नरड्याला हात: शुद्ध नसताना पाणी न्हाय, श्वासाच्या नळीत जातं. वाकून श्वास चालू हाय का बगितलं, गळ्याशी सैल केलं. मग हात वर: पाय उंच करा.

पाय ठिवायचे कशावर? शेजारी नव्या चादरींचा गठ्ठा होता, मी पाय तिकडं न्यायला लागलो तर मल्लप्पा आडवा. मल्लप्पा आमचा जॉबर, माग बिघडला की नीट करणारा. मागावरनं उतरलेला माल म्हंजे लक्ष्मी, तिच्यावर पाय? त्याचं बी खोटं न्हवतं ताई, चादरीला चुकून पाय लागला तर मी सोता पाया पडतो. मग काय, भुईवर बसलो आन् बायकोचे पाय उचलून सोताच्या खांद्यावर घेतले. नरसम्मानं कपाळाला हात लावला, एवढे उंच कशाला, मांडीवर घे. घेतले मांडीवर. बायकोचे पाय धरून बसलेला नवरा सगळी शेड बगायली, आन् मला कुणाची लाज न्हाय.

कुणीतरी मेन स्विच वढला. इतकी वर्षं मी त्या शेडमध्ये, दिवसाउजेडी ती गप झालेली कधी बगितली न्हवती. असं गप झालं की वाटलं मीच मेलो. आन् त्या गप झालेल्यात मला तिचा श्वास ऐकू आला. लग्न झाल्यापासनं शेजारी झोपतोय, कधी ऐकला न्हवता. आत जायचा, थांबायचा, बाहीर यायचा. एवढ्या मोठ्या कारखान्यात तेवढा एकच धागा चालू होता, आन् तो तुटू नये म्हणून मी माझा श्वास धरून बसलो.

पापणी हलली. डोळं उघडलं, पत्रा बगितला, मग मला, मग माझ्या मांडीवरचे सोताचे पाय.

पाय सोडा, लोकं बगायलेत.

मी म्हणलो, बगू दे की.

उठायला लागली तर नरसम्मानं दाबून धरलं, लगेच उठलीस की परत पडशील. मग हळूच बसवलं, मग घोट घोट लिंबू-पाणी. आमाला बी दम दिला, आता आली शुद्धीवर म्हणून बरं, आली नसती तर वाट बगायची न्हाय, ॲम्ब्युलन्स बोलवायची. तरी मी दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणले उपाशी पोट, वरनं ऊन, अंगात रक्त बी कमी.

मल्लप्पा अजून चिडवतो, काय शिवलिंगप्पा, आज पाय धरले का न्हाय? मी म्हणतो, सकाळचे धरले, सांजचे बाकी हायत.

आता ती सोमवार करती, पण शेंगदाणं खाऊन, पाणी पिऊन. ऐका, आतनं वरडायली, ताईंना चहा दिला न्हाय म्हणून. माझे कान मागानं खाल्लेत, डावा तर पुराच गेला. उजव्याला मी रोज सांगतो, बाबा, ती बोलती हाय तवर तू टिक.