‘ब’ इमारतीच्या जिन्यात अडकलेली पालखी

मंडळी, हे जग शेषाच्या फण्यावर उभं आहे, असं सांगणाऱ्यांना खुशाल सांगू द्या! हे जग उभं आहे ते रहिवासी संघावर! सूर्य उगवतो तो संघाच्या परवानगीनं, चंद्र मावळतो तो संघाच्या... अहो, हा माइक शिट्टी का वाजवतोय? संघाचा आहे होय? मग वाजू द्या.

तर आजचा प्रश्न ऐका. माणूस गेला की खांदा द्यायला चार जण धावत येतात. न बोलावता! ताटावरून उठून! तोच माणूस जिवंतपणी “जरा हात द्या हो” म्हणाला, की ते चार जण जातात कुठे? नका, एकमेकांकडे बघू नका. इकडे बघा.

आख्यान अयोध्येचं नाही, मथुरेचंही नाही. याच गुरुकृपा कॉलनीचं, मागच्या दत्तजयंतीचं! ‘ब’ इमारतीत दुसऱ्या मजल्यावर द्वारकाकाकू सबनीस. कंबरेचं हाड मोडल्यापासून जिना उतरलेल्या नव्हत्या. इमारतीला लिफ्ट आहे का? आहे ना, संघाच्या ठरावात! आणि समोर, रस्त्यापलीकडे, तळमजल्यावर शेवंताक्का मगदूम. गुडघे गेलेले, जिना चढणं बंद. दोघी जिवाभावाच्या. काकू गॅलरीतून बोलायच्या, अक्का अंगणातून. त्यात अक्कांचा एक कान पुरता बंद आणि दुसरा अर्धाच उघडा! त्यामुळे दोघींचं खासगी बोलणं अख्ख्या कॉलनीला पाठ. अक्कांच्या आमटीत गूळ जास्त पडला, की चर्चा तिसऱ्या गल्लीत!

आणि अक्का निघाल्या. नागपूरला, मुलाकडे, कायमच्या! दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी. काकूंनी संघाचे अध्यक्ष शरदराव कुंभोजकर यांना वर बोलावून घेतलं.

“शरद, मला एकदा खाली ने रे. अक्काशी बोलायचंय.”

“काकू, रोज बोलता की! आम्ही ऐकतो ना!”

“तेच तर! एक गोष्ट राहिलीय. ती ओरडून सांगण्यासारखी नाही.”

शरदराव हळहळले. खोटं कशाला बोलू, मनापासून हळहळले. आणि त्यांनी काय केलं? सभा बोलावली! या संघाचा नेमच आहे मंडळी! माणूस घसरून पडला, तरी आधी सूचक, मग अनुमोदक, मग उचलायचं. ठराव झाला: ‘संघास काकूंविषयी तीव्र सहानुभूती वाटत आहे.’ एकमतानं! टाळ्या! मग कुणीतरी विचारलं, “पण उचलणार कोण?”

अहो, काय सांगू! अध्यक्षांची कंबर. चिटणीस इनामदारांची मानेची शीर. कुणाचा मणका, कुणाची टाच... सभा की हाडांचा दवाखाना?

उजाडली दत्तजयंती. पालखी निघाली! आणि खांदा कुणाचा यावरून ही झोंबाझोंबी! “मान आमचा!” “सरका, गेल्या वर्षी तुम्हीच होतात!” परवा ज्यांची शीर आखडली होती, ते दांडीखाली मान घालायला एकमेकांना कोपरानं ढकलताहेत! रीतीप्रमाणे पालखी ‘ब’ इमारतीपुढे थांबली. वरून काकूंचा आवाज आला.

“शरद, पालखीत काय आहे रे?”

“पादुका, काकू! दत्तगुरूंच्या! चांदीच्या!”

“जड आहेत?”

“छे हो! नारळाएवढ्या असतील.”

“मग त्यांना एवढे गडी कशाला लागतात रे?”

झांजा थांबल्या. मृदंग थांबला. भालदारानं चोपदाराकडे बघितलं. अध्यक्षांच्या पत्नी नलूवहिनी आरतीचं तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तबक इनामदारांच्या हातात दिलं, पुढे झाल्या, पादुका उचलून पदरात घेतल्या आणि म्हणाल्या, “देव माझ्याकडे राहू दे. तुम्ही पालखी घेऊन वर जा. कंबरेचं नाव काढलंत, तर आज जेवायला इनामदारांकडे!”

निघाली पालखी वर! आणि पहिल्याच वळणाला दांडी अडकली. भिंतीत एक टोक, कठड्यात दुसरं. “पुढे घ्या!” “मागे घ्या!” “अहो, तिरकी करा!” बाप रे! शेवटी कशीबशी उलटी काढली आणि आणली संघाची प्लॅस्टिकची खुर्ची. मागे लाल अक्षरांत ‘संघाची मालमत्ता’. त्या सिंहासनावर काकू बसल्या. शाल पांघरली. अध्यक्ष उलटे, एकेक पायरी चाचपत उतरताहेत, इनामदार वरून धरताहेत, आणि काकू वाटेत सांगताहेत, “शरद, कठड्याला धूळ किती रे!”

अक्कांच्या अंगणात खुर्चीला खुर्ची लावली. काकूंनी अक्कांचा हात धरला, अर्ध्या उघड्या कानाशी तोंड नेलं, आणि बोलल्या. काय बोलल्या? अख्खी कॉलनी पुढे वाकली. शरदराव चपलेचा अंगठा बघायच्या निमित्तानं अगदी जवळून जाऊन आले. शब्द कळला नाही! अक्का ऐकत राहिल्या. पदरानं डोळे पुसले. आणि त्यांना हळू बोलता येतच नाही, म्हणून मोठ्यानं म्हणाल्या, “अगं, मला ठाऊक होतं!”

बस्स. मी नंतर काकूंना विचारलं. म्हणाल्या, “बुवा, तुमच्या तोंडाशी कायम माइक असतो.”

सकाळी अक्का गेल्या. पण काकूंच्या मनात काही राहून गेलं नाही! पालखीतून उतरवला म्हणून देव रागावला का? वहिनींच्या पदरात निवांत होता. कुणाची कंबर मोडली का? इनामदार तेव्हापासून ताठ चालतात! मंडळी, तुमचा संघ मोठाच आहे. मला मान्य आहे. पण किती मोठा, हे मोजायची जागा एकच: ‘ब’ इमारतीच्या जिन्याचं वळण.

आता गॅलरीतून हाक मारावी, तर काकूंच्या समोर कुणी नाही. म्हणून त्या आज इथे आहेत. ह्या काय, पहिल्या रांगेत! खुर्ची तीच. खाली कुणी आणलं, ते मी पाहिलंय. वर कोण नेणार? — अहो, मागची मंडळी, चपला काय शोधताय? बसा! आरती व्हायचीय!

आरतीनंतर चौघांनी थांबायचं. नावं मी घेत नाही, ज्याची त्याला कळतात. आणि एवढंच करा, शिरा खाल्लात की हात धुऊन या. मागच्या खेपेला काकूंच्या शालीला तूप लागलं, ते अजून निघालेलं नाही.