गंगव्वाबाईंच्या नऊ ओळी

न्हाय न्हाय, खोला की पावणं, पाठीमागचा पत्रा काढून बघा — पुण्यासनं एवढं मशीन दुरुस्त करायला आलाय, तर आत नऊ ओळी कुठं सांदीत अडकल्यात का सांगा. हसू नका. मी मराठीचा मास्तर, मला काय कळतंय त्यातलं? पण ह्या खोलीत वीस शिक्षकांना कंप्युटरवर निबंध कसा शिकवायचा ते शिकवणारा मीच. कसा झालो? आमच्या इंग्रजीच्या सरांना कावीळ झाली, म्हणून दहा दिवसांच्या शिबिराला मला धाडलं. त्यातले चार दिवस लाईट नव्हती. परत आलो तो तज्ज्ञ होऊनच. हेडमास्तरांनी हार घातला — आणि मी घालून घेतला की.

तर सोमवारी ह्या वीस जणांना सांगितलं, 'माझी आई', दहा ओळी, इंग्रजी अक्षरांत मराठी — मशीनला आपली अक्षरं येत न्हाईत. काय लिहिलं सगळ्यांनी? माझाच निबंध. निम्मे माझेच जुने विद्यार्थी, सव्वीस वर्षं फळ्यावर लिहून देतोय तो त्यांना तोंडपाठ, बाकीच्यांनी त्यांचं बघून — माझी आई पहाटे उठते, देवापुढं दिवा लावते. आता माझी आई उठायची का पहाटे? कुठली. तिला दमा, रात्रभर खोकून पहाटेच तिचा डोळा लागायचा. हे कधी लिहिलं न्हाय मी. दिवाच लावत बसलो.

शिरोळच्या गंगव्वाबाई तेवढ्या वेगळ्या. पन्नाशीच्या बाई, एका बोटानं तासभर बडवून नऊ ओळी काढल्या. मी मागं उभा राहून वाचल्या — आणि आता तुमच्यापासनं काय लपवायचं — मला राग आला. ही बाई आपल्यालाच शिकवून जाणार, असं वाटलं. म्हणालो, बघा मंडळी, ह्या यंत्राचा मोठा गुण, पुसलं तरी डाग राहत न्हाय. आणि दाबलं बटण. टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "सर, आता परत आणा." आणतोय कुठनं? म्हटलं, मशीन बिघडलंय, पुण्याचा माणूस येऊन काढून देईल. म्हणून तुम्हाला तार केली.

काय? फ्लॉपीवर उतरवलं नसंल तर गेलं? कायमचं? बरं. मग एक करा, तुमच्या कागदावर लिहा, मशीनमध्ये दोष होता. सही ठोका. एवढं केलं तर अब्रू ऱ्हाईल माझी.

त्यात काय होतं म्हणता? पूर आलेला, पाणी छातीला, आणि त्यांच्या अव्वानं, म्हंजे आईनं, लेकीची पाटी डोक्यावर धरलेली. अव्वाला वाचता येत नव्हतं. पाटीवर काय हाय ते तिला ठाऊक न्हाय, पण भिजू दिली न्हाय. एवढंच आठवतंय बघा. बाकीच्या ओळी न्हाय आठवत.

थांबा, तसलं काय लिहू नका. मशीन ठीक हाय असं लिहा. आणि निघा आता, पावणं — बाई दारात येऊन उभ्या राहिल्यात. मला त्यांच्याशी बोलायचंय, त्यात तिसरं माणूस नको.