एक्टमी म्हणजे छाटणं

(शिरवणे, १९७७. शाळा सुटली आहे. दिनानाथ मास्तर फळा पुसताहेत. दारात शिवा, हातात काचेची फ्रेम.)

शिवा : लगीन मोडला, मास्तर.

दिनानाथ : अरेरे! गोजराशी ठरलेलं?

शिवा : नाय, नाय. ता ऱ्हाऊ द्या. मी बोललो नाय, तुमी ऐकला नाय. मी इंग्लिश शिकाया आलोय. ह्यो शब्द सांगा.

दिनानाथ : सर्टिफिकेट फ्रेम कशाला केलंस?

शिवा : जमीन सरकारच्या नव्या शहरात गेली, भिंतीच उरल्या. त्यांवर काय तरी नको? साखरपुड्याला गोजराच्या बापासला दाखवला. बोललो, नोकरीची डाक्टरी पास हाय. तिचा भाऊस पनवेलला कंपाउंडर. त्यानं वाचला. पंगत उठली.

दिनानाथ : काय... काय वाचलं त्यानं?

शिवा : तुमी सांगा. मास्तर तुमी.

दिनानाथ : व्हॅसेक्टमी. म्हणजे बघ, शेवटचं 'एक्टमी' मूळ ग्रीक. छाटून बाहेर काढणं. टॉन्सिल काढले, टॉन्सिलेक्टमी. 'आयटिस' लागलं की सूज. 'लॉजी' लागलं की शास्त्र. मोठी शिस्तीची भाषा.

शिवा : मंग लॉजी लावा. सासऱ्याला सांगतो, शास्त्र शिकून आलो.

दिनानाथ : शेपूट असं बदलता येत नाही रे.

शिवा : भाताच्या शेताचा सेक्टर झाला. तवा कोन बोलला, बदलता येत नाय?

दिनानाथ : शिवा...

शिवा : नोकरीची तपासनी बोलून तुमीच मना नेलाव. तितं बोललाव, गाठ हाय, फुकट काढतान.

दिनानाथ : आणीबाणीत नसबंदीच्या केसेस आणल्या नाहीत तर मास्तरांचा पगार बंद, असा हुकूम होता. वैजयंतीचे दिवस भरत आले होते.

शिवा : काय झाला वयनीला?

दिनानाथ : मुलगी.

शिवा : बरा झाला. ग्रीक नाव ठेवा.

दिनानाथ : अजून एक आहे. कॅम्पात बिनलग्नाचा माणूस घेत नव्हते. म्हणून मी तुझ्या नावावर मुलं लिहिली. तीन.

शिवा : तीन?

दिनानाथ : दोन मुलगे, एक मुलगी.

शिवा : पोरीचा नाव काय लिवला?

दिनानाथ : नावं विचारली नाहीत त्यांनी.

शिवा : मास्तर, डस्टर ठेवा. पेन घ्या. सायबाला अर्ज लिवा. जमिनीच्या नोटिशीत असते तशा भाषेत.

दिनानाथ : काय लिहू?

शिवा : लिवा. सरकारी दप्तरात अर्जदाराच्या नावे तीन मुले दाखल आहेत. सदर मुले अर्जदाराच्या ताब्यात मिळावीत, ही नम्र विनंती.