तुटक्या शिंगाचा बैल

हल्ली मी एकटा लांब फिरायला का जात नाही, विचारता ना? त्याला एक म्हातारा कारण आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, कार्तिक सरत आला होता. कोपरगावाहून पुणतांब्याला गोदाकाठानं चालत निघालो. वाळूत टरबुजाची आळी करणाऱ्या म्हाताऱ्यानं हटकलं.

"कुनीकडं?"

"पुणतांब्याला."

"आगगाडी सोडून? काय काम काढलं?"

"काम नाही. सहज चालतोय."

"सहज? सरकारी धान्यवसुलीचं मानूस न्हाई न्हवं तुमी?"

नाही म्हटलं, तसा त्याचा संशय वाढला. हाक मारून त्यानं दोघांना बोलावलं. सुटका व्हावी म्हणून मी थाप मारली, "माझा बैल हरवलाय, त्याला शोधतोय."

तिघंही निवळले. "कसा हाय बैल?"

वाटेत बाभळीच्या झाडीत बांधलेला एक बैल पाहिला होता, तोच सांगितला. "पांढरा. डावं शिंग तुटलेलं."

म्हाताऱ्यानं कुदळ टाकून माझी गचांडी धरली. "आरं, त्यो माजा बैल! परवा चोरीला गेल्ता!"

हात बांधून मला पाटलांपुढं उभं केलं. थाप कबूल करून मी झाडीची जागा सांगितली आणि बैल तिथंच सापडला. "चोर असता तर जागा सांगितली असती का?" म्हणत पाटलांनी दोरी सोडायला लावली. म्हाताऱ्यानं खुशीनं भाकरी आणली, जवळ बसून हळूच विचारलं, "आता तरी खरं सांगा पाव्हणं, चालत कशापायी निघाल्ता?"

"सहज."

म्हाताऱ्यानं भाकरी मागं ओढली. "पाटील, ह्येला परत बांधा."