यमुनेचं वाण

मंडळाच्या भगिनींनो, गावकरी मंडळींनो, तुम्ही सगळे जमलात. माझ्या तोंडून शब्द फुटणं अवघड आहे. रडू येतंय म्हणून नव्हे, राग आवरत नाही म्हणून. मी कापडाचा दुकानदार, भाषण मला येत नाही. पण जे बोलेन ते तुमच्या तोंडावर बोलेन.

यमुना, माझी बायको. संस्थान विलीन झालं त्या साली ती जव्हारात नांदायला आली, आणि हे भगिनी मंडळ तिनं उभं केलं. शिवणाचा वर्ग तिचा. संक्रांतीचं हळदीकुंकू तिचं. पुढच्या रांगेतल्या बायांनो, अंगातला झंपर शिवायला तुम्हाला कोणी शिकवलं?

मग मानेत गाठ आली. मुंबईच्या डॉक्टरांनी शिरेतून द्यायचं नवीन औषध सुरू केलं. अहो, औषध कसलं, आगच ती! सुई टोचली की हाताची शीर काळी पडायची. परतीच्या मोटारीत मांडीवर पातेलं, आणि ओकून ओकून शेवटी नुसतं पिवळं पाणी. तोंडभर फोड. साधा पाण्याचा घोट तिखटासारखा झोंबायचा. मला म्हणायची, "अहो, गाठ हट्टी, तर मी तिच्याहून हट्टी." गाठ बसलीसुद्धा. पण केस गेले. उशीवर पुंजकेच्या पुंजके.

आणि तिथून तुमचा प्रताप सुरू झाला!

संक्रांत आली. तिनं कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं, डोक्यावरून पदर घेतला आणि वाण घेऊन बसली. पितळेचे कुंकवाचे करंडे, मी नाशिकहून आणलेले. दिवेलागण झाली तरी एक बाई फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः इथं आली, मंडळाच्या याच दारात. तुमच्यातलीच एक म्हणाली, "यमुनाताई, राग मानू नका. पण डोकं असं बोडकं, सवाष्णींत बरं दिसत नाही." नवरा धडधाकट दुकानात कापड फाडतोय, आणि तुम्ही तिला बोडकी ठरवलंत? मी मेलो होतो का? सांगा ना, मेलो होतो का मी?

सुई सोसली तिनं. हे नाही सोसलं.

घरी येत राहिली ती एकटी साखरशेतची सोनीबाय, बाजारात नागली विकणारी. नागलीची आंबील गार करून चमच्या-चमच्यानं पाजायची. "पी गं बाय. केसांचा काय, गवतच ना ता, परत येल." तेवढीच आंबील यमुनेच्या पोटात ठरायची.

गाठ परत उठली. तेव्हा यमुना मला म्हणाली, "अहो, आता मी तुमच्याआधी जाणार, अहेवपणी. म्हणजे मी भाग्यवान! बघा, तेव्हा सगळ्या धावतील माझी ओटी भरायला, माझ्या पाया पडायला. एकीलाही उंबरा ओलांडू देऊ नका." मी म्हटलं, नाही देणार.

ती गेली, आणि आलातच की! खण, नारळ, तांदूळ घेऊन. मी दारात आडवा उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "अहो, सवाष्णीची ओटी रिकामी जाऊ नये." नाही गेली रिकामी. सोनीबायनं भरली, नागलीनं. तुमचे तांदूळ आल्या पावली परत गेले. मला त्याचं वाईट वाटत नाही. आज वाटत नाही, उद्या वाटणार नाही, जन्मात वाटणार नाही.

कोणी म्हणेल, माणूस गेलं, आता मनात काही ठेवू नका. मी ठेवणार.

आता उभे राहा. तिच्यासाठी घटकाभर शांत राहू. गप्प राहायची सवय तुम्हाला आहेच. मग निघताना जरा थांबा. दारात सोनीबाय टोपली घेऊन उभी आहे. टोपलीत संक्रांतीचे तेच करंडे आहेत. यमुनेनं जाताजाता मला बजावलंय, "ओटी भरू देऊ नका. पण माझं वाण मात्र त्यांना द्या." प्रत्येकीनं एक उचलायचा. सवाष्णीचं वाण नाकारू नये, हे मी का तुम्हाला सांगायचं? घरी न्या. रोज सकाळी कुंकू लावायला तो उघडा, आणि तिचं डोकं आठवा.

यमुने, तुला नमस्कार करतो गं. एकही करंडा मी घरी परत नेणार नाही.