आहे तसं घर

नोंदणी कार्यालयात माझ्या मागच्या बाकड्यावर एक बहीण-भाऊ बसले होते.

“दादा, पाय नको हलवूस. बाकडं हलतंय.”

“तो गुंतवणूकवाला बघ, कसा निवांत बसलाय!”

“बसणारच. घर आहे तसं घेतोय, पडझडीसकट.”

“मग काल गवंडी कशाला बोलावलास?”

“छप्पर गळत होतं.”

“अगं, उद्या तो बुलडोझर लावणार आहे! अक्कल गहाण ठेवलीस का?”

“बरं, चुकलं. तुझ्या नखांत हिरवं काय अडकलंय?”

“काही नाही.”

“दाखव.”

“फाटकाचा रंग आहे. सकाळी एक हात मारला.”

“दादा!”

“चल, आपला नंबर आला. आणि त्याला तूच सांग, संध्याकाळपर्यंत फाटकाला हात लावू नका म्हणावं. रंग ओला आहे.”