निळ्या दिव्याचा उजेड

हैदराबादेत तारनाक्याच्या नेत्रालयात डोळ्यांत थेंब घालून वासंतीबाई पापण्यांआड अंधार घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं तेवढं कानी येत होतं.

"अहो, माशांच्या टाकीतली जिवंत पोवळी पांढरी पडत चाललीत."

"उजेड पुरत नाही त्यांना. वाढवत वाढवत काल निळा दिवा नव्वद टक्क्यांवर नेला, तरी मला अंधारच."

"नव्वद? आपल्या चिन्मयनं फोनवरून चाळीसवर लावून दिला होता ना?"

"तेव्हा टाकी कशी लख्ख दिसायची."

"मला अजून दिसते. डोळे दिपतात माझे."

"मग मलाच का..."

"अहो, मोतीबिंदू तुम्हाला झालाय. पोवळ्यांना नाही."



"म्हणजे मीच भाजलं त्यांना."

"मेली नाहीत अजून. दिवा खाली आणला तर रंग धरतील."

"हा घे फोन. तूच आण. आणि पासवर्ड बदलून टाक."

"आणि तुम्ही मागितला तर?"

"देऊ नक्को. पट्टी सुटेपर्यंत तर मुळीच नक्को."

"पट्टी? वर्षभर ऑपरेशन टाळताय की हो."

दारातून सिस्टरनं पुकारलं, "विठ्ठलराव गारू, आत चला."

"हौ, आलो. सिस्टर, ऑपरेशनची जवळात जवळची तारीख द्या. घरी पोवळी आजारी आहेत."